तळव्याचे कान

मामीच्या डोळ्यांवर पडदा आला
तेव्हापासून स्नायूचा दोरा सुईत जाईना,
आणि मामाचे बूट,
रेनडिअरच्या पायांच्या कातड्याचे,
खुरांमधल्या राठ केसांचा तळ लावलेले,
टाचेपाशी उसवले ते उसवलेच.
गेल्या हिवाळ्यात तिथून थंडी आत शिरली
आणि जाताना दोन बोटं घेऊन गेली.

म्हणून मीच आणले शहरातून हे नवे.
रबराचे, आत लोकरीचं जाड अस्तर,
खोक्यावर छापलेलं: उणे साठपर्यंत.
मामाने घातले, तंबूत दोन फेऱ्या मारल्या,
म्हणाला, "ऊब आहे.
पण उस्तिन्या, बहिरे आहेत गं हे."

ओल्योक्माच्या काठी उणे चाळीसला
आवाज गोठत नाही, उलट त्याला पाय फुटतात.
सोडलेला श्वासही कानाशी किणकिणतो.
बर्फ करकरतो
आणि टेकडीपलीकडे उभा एल्क
एकेक करकर मोजत असतो.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा मामाने शिकवलेलं:
आधी पावलाची बाहेरची कड टेकव.
मग विचार.
खाली काडी आहे का, पोकळ पापुद्रा आहे का,
तळवा सांगेल.
तो सांगेपर्यंत सगळं वजन मागच्या पायावर.
वारा चालला की चाल.
वारा थांबला की तूही झाड.

आता तो कड टेकवतो, विचारतो,
आणि बोटभर जाड रबर
हूं की चूं करत नाही.
पहिल्या दिवशी लार्चची फांदी मोडली. कट्.
दुसऱ्या दिवशी बुटाला बूट घासला,
एवढासाच, पण एल्कची पाठ तेवढी दिसली.
त्या रात्री त्याने मामीची जुनी शाल फाडली,
पट्ट्या करून बुटांना गुंडाळल्या.
फाटण्याच्या आवाजाकडे तोंड करून मामी म्हणाली,
"कुठली?"
"तपकिरी."
"बरं. लाल ठेव."

तिसऱ्या दिवशी विलोच्या झुडपांत
लेंड्या सापडल्या, अजून मऊ.
मामा थांबला.
खांद्यावरची रायफल काढून माझ्या हातात दिली.
माझ्या पायांत मामीने शिवलेला शेवटचा जोड होता.
"तू पुढे हो," तो ओठांनीच म्हणाला,
"तुझे पाय अजून ऐकतात.
मी तुझ्या ठशांत पाय ठेवीन.
एकदा ओरडून झालेला बर्फ
पुन्हा ओरडत नाही."

कड. विचार. वजन.
वारा.
थांब.

मागे काहीच नव्हतं.
इतकं काहीच नव्हतं की वाटलं, राहिला मागे,
बसला असेल एखाद्या ओंडक्यावर,
नसलेली बोटं चोळत.
वळून पाहू नये, हेही त्याचंच.
मी वळले.

तो हातभर अंतरावर,
एक पाय हवेत,
भुवयांवर पांढरं दहिवर,
माझ्या पुढच्या ठशाची वाट पाहत.
तीस वर्षं मी त्याच्या पाठीकडे पाहत चालले,
त्याचा चालतानाचा चेहरा
आज पहिल्यांदा पाहिला.
घाबरलेला होता. लहान मुलासारखा,
आपल्यामुळे सगळ्यांचं जेवण जाईल म्हणून.
मग हनुवटीने त्याने समोर दाखवलं:
झुडपात एक कान हलला,
आमच्याकडे नाही,
दुसरीकडे.

रात्री मांस सात तंबूंत पोचलं.
मामीने शेगडीपाशी वाळणारे बूट ओढून घेतले,
पट्ट्या सोडल्या, रबर चाचपलं,
पुन्हा चाचपलं.
"याला शिवण कुठे आहे?"
"नाहीच. ओतलेला आहे."
"मग उसवणार कुठून," ती हसली,
आणि माझा जोड मागितला.
तळावरून अंगठा फिरवला, सावकाश,
झिजलेल्या केसांपाशी थांबली.

"सुईत दोरा तेवढा तू ओवून दे," म्हणाली,
"पुढचं माझी बोटं बघतील."